साळवे सरांची खरी जन्मतारीख

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली असतात, हे मला माहीत आहे. माझी नोकरी साडेतीन वर्षांची आणि तीही अर्ध्या दिवसाची. सकाळी कॉलेज, दुपारी एकपासून जालन्यातल्या एका ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरणं. आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, ‘लिही’. मी म्हटलं, ‘मॅडम, मी कोण लिहिणारा?’ त्या म्हणाल्या, ‘फॉर्म लिहितोस ना दिवसभर?’ म्हणून लिहून राह्यलो आहे. माझ्या घरात माझ्याआधी कुणी लिहिलेलं नाही. वडील वाटूरकडचे, मेंढरं राखतात. तेव्हा चुकलं-माकलं तर आधीच माफी मागतो. मॅडमच्या सांगण्यात चूक नव्हती, माझ्या लिहिण्यात असेल.

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. माणूस सांगतो, आपण टाइप करतो. पण माणूस जे सांगतो ते, आणि त्याचे कागद जे सांगतात ते, यांचं सहसा पटत नाही. आधार कार्डावर ‘कोंडाबाई’, बँकेत ‘कोंडिबाई’ आणि मतदार यादीत चक्क ‘कोंडिबा’. अंकुशनगरकडून ऊसतोडीची माणसं येतात, त्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत. रेषाच राहिलेल्या नसतात. मग ओल्या फडक्यानं पुसा, बोट बदला, परत दाबा. एक मावशी दहाव्या वेळेला म्हणाल्या, “बाबा, मी हाय का न्हाई हे आता तुझ्या मशिनीला एकदा नीट इचारून घे.” वडीगोद्रीचा एक नवरदेव पासपोर्टच्या फोटोला काळा चष्मा काढायला तयार नव्हता. म्हणे, डोळे बारीक आहेत, परदेशात हसतील.

पण सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं म्हणाल, तर “जन्मतारीख? टाका एक जून.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या जुन्या पिढीतले निम्मे लोक एक जूनला जन्मलेले आहेत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आई-बापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी पोराकडे बघून अंदाजानं साल आणि एक जून टाकायचे. माझीही एक जूनच आहे. आई म्हणते, ‘मेंढरं घाटाखाली उतरली त्या आठवड्यात तू झालास’, म्हणजे दिवाळीनंतर. पण सरकारला मेंढरं कधी उतरली याच्याशी काय करायचं आहे?

सेंटरचे मालक करीमभाई. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला. “देख सोमनाथ, फॉर्म में अपनी अक्कल नहीं लगाने की. जो बोले वो लिख, जो कागज में है वो चिपका. अपन ऊपरवाले का दफ्तर नहीं चला रहे.” साडेतीन वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. त्याचीच ही हकिकत.

दाविद साळवे सर आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं जालना सिस्टर म्हणतं, हे दोघं एका दुपारी आमच्या काउंटरपाशी आले. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला अजून लाल पेन. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त. त्या बसायच्या आधी पंखा कुठे आहे ते बघायच्या आणि सरांना त्याच्याखाली बसवायच्या.

“परदेशी जायचा फॉर्म भरायचाय,” सर म्हणाले.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, “मुलाकडे का मुलीकडे?” कारण आमच्याकडे या वयाची माणसं परदेशी जातात ती नातवंडं सांभाळायला.

“मिशनच्या सेवेला,” सर म्हणाले. “आफ्रिकेत. मलावी.”

मागच्या बाकावर पीकविम्याला आलेले तीन-चार जण होते. त्यांतला एक म्हणाला, “सर, मिशनवाले तर तिकडून इकडं येतेत ना?”

सिस्टर वळल्या. “आल्तेच की. माझ्या आजीचं बाळंतपण अडलं तेव्हा एक गोरी बाई समिंदर वलांडून आल्ती म्हणून माझी आई जगली. ती बाई इथंच मेली, इथंच पुरली. आता आमच्याकडून कुणी जायाचं का न्हाई? का सगळं एकतर्फीच?”

बाकावर एकदम शांतता झाली. पीकविमेवाला म्हणाला, “बराबर हाय,” आणि त्यानं रांगेतला आपला नंबर सरांना दिला.

दोघांना हे किती वर्षांपासून करायचं होतं ते मला हळूहळू कळलं. नोकऱ्या होत्या, मुलीचं लग्न होतं, सिस्टरच्या सासूचं आजारपण होतं. आता सगळं आटोपलं होतं. मिशनच्या संस्थेची एक अट होती. अर्जदाराचं वय सत्तरच्या आत हवं. सरांचं पासपोर्टवर अडुसष्ट होतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. सिस्टर सरांहून सहा वर्षांनी लहान, त्यांना घाई नव्हती. पण एकटीनं जायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

फॉर्म अठरा पानांचा होता आणि मी तोपर्यंत भरलेल्या कुठल्याही फॉर्मसारखा नव्हता. त्यात बापाचं नाव एकदा आणि ‘तुमच्यातले दोष प्रामाणिकपणे लिहा’ हे तीनदा होतं.

मी माझा अनुभव सांगितला. “सर, फॉर्ममध्ये दोष लिहीत नसतात. ‘मी फार मेहनत करतो, हाच माझा दोष’ असं काहीतरी टाकतात.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाचवीत असल्यासारखं वाटलं. “आमच्याकडे साक्ष देतात, सोमनाथ. चारचौघांत उभं राहून आपलं चुकलेलं आधी सांगायचं, मग देवानं काय केलं ते. चुकलेलं गाळून साक्ष होत नाही.” आणि त्यांनी खिशातून चार पानं काढली. पहिलाच दोष असा होता: ‘मी शिक्षक असताना शेकडो मुलांच्या दाखल्यावर एक जून ही खोटी जन्मतारीख लिहिली.’

“हे काय पाप हाय व्हय?” सिस्टर म्हणाल्या.

“खोटं ते खोटं.”

“मंग रागाचं कुठं लिवलंय? डबा सांडला तर तीन दिस बोलत न्हाईत, ते लिहा.”

“दुसऱ्या पानावर आहे.”

सिस्टरनी दुसरं पान वाचून घेतलं, समाधानानं मान हलवली आणि आणखी दोन दोष मला तोंडी सांगितले. सरांनी तेही मान्य केले. मग सिस्टरच्या स्वतःच्या रकान्याची वेळ आली. त्या बराच वेळ छताकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, “मला आठवून न्हाई राह्यलं. ‘न्हाई’ असं टाक.” मी ‘नाही’ असं टाकलं. जो बोले वो लिख.

दुसऱ्या दिवशी सर आणि सिस्टर फॉर्मला लागणारा बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आले. हा कागद मी पहिल्यांदाच बघत होतो. चर्चच्या कपाटात जुनं रजिस्टर असतं, त्यातली नोंद पास्टरसाहेबांनी हातानं उतरवून दिलेली. आधी नाव, आई-वडील, मग जन्मतारीख, मग बाप्तिस्म्याची तारीख, खाली सही-शिक्का. मी सवयीनं जन्मतारीख पासपोर्टशी ताडून पाहिली.

“सर, हे तर जुळत नाही.”

सरांनी चष्मा लावून वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. मग कागद सिस्टरकडे दिला. इतर लोकांकडे एक जूनच्या पलीकडे दुसरा कागदच नसतो. यांच्याकडे निघाला, कारण यांच्याकडे लेकरू महिन्याचं असतानाच चर्चमध्ये नाव लागतं. त्या कागदाप्रमाणे सर पासपोर्टपेक्षा तीन वर्षांनी मोठे होते. लहानपणी अंगानं बारीक, शाळेत घातलं तेव्हा नऊ वर्षांचे होते, आणि तिथल्या गुरुजींनी बघून सहा लिहिले होते. एक जून.

“म्हणजे मी एकाहत्तर वर्षांचा आहे,” सर म्हणाले. हे त्यांनी वर्गात उत्तर वाचून दाखवावं तसं म्हटलं. मग थोडं थांबून, “म्हणजे मी तीन वर्षं जास्त नोकरी केली!”

“मंग आता काय, पोरांना शिकवलेलं परत घेता का?” सिस्टर म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. सत्तरची अट त्यांनाही ठाऊक होती.

मी सांगितलं की फॉर्मच्या रकान्यात पासपोर्टचीच तारीख टाकावी लागते, दुसरी तो घेतच नाही. सर म्हणाले, “मग ती टाक. पण हा दाखला जोडायचाच आहे. त्यावर खरी तारीख दिसेल, ती बघून त्यांनी ठरवावं. आपण लपवलं नाही म्हणजे झालं.” आणि ते उठून समोरच्या टपरीवर गोळीपुरतं पाणी प्यायला गेले.

सिस्टर काउंटरवर थोड्या वाकल्या. “लेकरा,” त्या म्हणाल्या, “त्यांना न्हाई घेतलं तर मी पण न्हाई जाणार. मला लई जायचंय रे. जमलं तर बघ कायतरी.”

एवढंच. काय बघ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तो दाखला घेतला, जन्मतारखेची ओळ साडीची निरी घालावी तशी आत दुमडली, वरून बोट फिरवलं आणि स्कॅनरवर ठेवला. नावाखाली आई-वडील, त्याखाली थेट बाप्तिस्म्याची तारीख. काम इतकं सफाईदार झालं की मला जरा अभिमानही वाटला. सर परत आले. “जोडलास?”

“जोडला, सर.”

ते खरं होतं, असं मी स्वतःला आठ-दहा दिवस सांगत राहिलो.

मुलाखत व्हिडिओवर होती आणि ती आमच्याच सेंटरवर झाली, कारण सरांच्या घरी नेट टिकत नव्हतं. करीमभाईंनी अर्धा तास झेरॉक्स मशीन बंद ठेवलं. आमच्या सेंटरच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. पासपोर्ट फोटोचा पडदा मागे लावला. सर कोट घालून आल्ते, सिस्टर पांढऱ्या साडीत. मी कॅमेऱ्यात न दिसता बाजूला स्टुलावर, आवाज कमी-जास्त करायला. स्क्रीनवर दिल्लीच्या ऑफिसातल्या एक मॅडम आणि एक परदेशी म्हातारे गृहस्थ होते.

मॅडमनी सरांना इंग्रजीत विचारलं, ‘तब्येत कशी असते?’

सर तोंड उघडेपर्यंत सिस्टर म्हणाल्या, “शुगर हाय, बट कंट्रोल.”

“तिकडचं जेवण चालेल?”

“एव्हरीथिंग ईट्स,” सिस्टर म्हणाल्या. “ओन्ली वांगी नो.”

“मिस्टर साळवेंनी उत्तर दिलं तर बरं होईल,” मॅडम हसून म्हणाल्या.

“येस, येस,” सिस्टर म्हणाल्या, “ही विल टेल,” आणि सरांना कोपर मारलं.

सर बोलायला लागले तेव्हा मात्र चांगलं बोलले. सावकाश, शाळेतलं इंग्रजी, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम ऐकू येत होता. परदेशी गृहस्थ पुढे वाकून ऐकत होते. मला वाटलं, झालं काम. आणि शेवटी सर म्हणाले, “एक गोष्ट. तुमच्यासमोर माझा बाप्तिस्म्याचा दाखला आहे. त्याप्रमाणे मी एकाहत्तरचा आहे. सरकारप्रमाणे अडुसष्टचा. दोन्ही तुम्ही पाहिलीच असतील. कृपया जे खरं आहे त्यावर निर्णय घ्यावा.”

मॅडमनी कागद चाळले. परत चाळले. मग हिंदीत म्हणाल्या, “सर, इस सर्टिफिकेट में तो जन्मतिथि है ही नहीं.”

सर माझ्याकडे वळले. रागानं नाही. ज्या मुलानं उत्तर बरोबर सांगितलं असेल अशी खात्री आहे, त्याच्याकडे बघावं तसं.

मी स्टुलावरून उठलो. गडबडीत कॅमेऱ्यासमोर फक्त माझं पोट आलं असणार, म्हणून मग वाकलो. इंग्रजी सगळं पळून गेलं. “मॅडम, वो लाइन… मैंने फोल्ड की,” असं म्हणून मी दोन्ही हातांनी निरी घालून दाखवली. मॅडमनी परदेशी गृहस्थांना ते समजावून सांगितलं, त्यांनीही हातानं निरी घालून विचारलं, असं? मी म्हटलं, “येस सर.”

“का?” त्यांनी विचारलं.

“इनको जाना है, इसलिए.”

तेवढ्यात सिस्टर उभ्या राहिल्या. “त्या लेकराला काय बोलू नका. मीच म्हटलं, बघ कायतरी. मीच.” आणि मागून करीमभाई पडद्याच्या आत तोंड घालून म्हणाले, “मॅडम, दुकान मेरी है. गलती दुकान की लिखो.”

स्क्रीनवरची दोन माणसं आमच्या चौघांकडे बघत राहिली. मग नेट गेलं. नेट खरंच गेलं का त्यांनी बंद केलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

सर उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, “ही तर साक्षीची सभाच झाली.” आणि एकटेच निघून गेले. सिस्टर दारात थांबून मला म्हणाल्या, “तो फॉर्म अजून उघडतो का रे? माझ्या दोषाच्या रकान्यात एक टाकायचाय.”

पुढचे आठ दिवस सर आले नाहीत. दोन म्हातारी माणसं आयुष्यभर थांबून एका दरवाज्यापर्यंत आली आणि तो दरवाजा मी हुशारीनं त्यांच्या तोंडावर लावला, असंच डोक्यात फिरायचं. खरं सांगितलं असतं तर ‘नाही’ आलं असतं, पण ते स्वच्छ ‘नाही’ असतं. रविवारी चर्च सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सर कुंड्यांना पाणी घालत होते.

“आलास? बस,” म्हणाले. “चूक केलीस. आता दुरुस्त कर. दाखला पूर्ण स्कॅन करायचा आणि सोबत माफीचं पत्र. इंग्रजीत. तू लिहायचंस.”

मी लिहिलं. सरांनी लाल पेनानं तपासलं. परत लिहिलं. पाचव्या वेळेला पत्र पास झालं. आयुष्यात मी स्वतःच्या मनानं लिहिलेलं ते पहिलं पत्र, कुठल्याही रकान्याशिवाय. सिस्टर प्रत्येक वेळी चहा ठेवून जायच्या. सर त्यांच्याशी बोलत नव्हते, पण चहा घेत होते.

दीड महिन्यानं ईमेल आला. तो सेंटरच्या पत्त्यावर आल्यामुळे मलाच वाचून दाखवावा लागला. सिस्टरची निवड झाली होती, दोन वर्षांसाठी, एका खेड्यातल्या दवाखान्यात. सरांचं वय अटीत बसत नव्हतं. पण त्यांना सोबतचा जोडीदार म्हणून जाता येईल. कोणतंही पद नाही, कोणतंही काम नाही. खाली परदेशी गृहस्थांची एक ओळ होती: पत्र वाचलं, निरी घालणाऱ्या मुलाला शुभेच्छा.

सरांनी ईमेल मला पुन्हा एकदा वाचायला लावला. चौतीस वर्षं ते गेले तिथे गुरुजी म्हणून गेले होते.

“म्हणजे मी तुझं सामान म्हणून येणार,” शेवटी ते सिस्टरना म्हणाले.

सिस्टर म्हणाल्या, “तुमच्या बदल्यांच्या मागं मी परतूर केलं, मंठा केलं, दोनदा अंबड केलं. हर टायमाला नवं घर, नवी चूल. तेव्हा मी काय होते? आता एक बदली माझी. या गुमान.”

करीमभाईंनी मान खाली घालून झेरॉक्सचे कागद सारखे केले. सर हसले. आठवडेच्या आठवडे न बोललेला माणूस आधी नाकातून हसतो, तसे.

निघायच्या दिवशी मी सामान चढवायला गेलो होतो. सरांनी बॅगेत खडूंचे सहा डबे भरले होते. सिस्टरनी त्यातले चार काढून लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. “काम न्हाई म्हणून लिवलंय त्यांनी,” त्या म्हणाल्या. “खडू कशाला पाहिजेत?” सरांनी बरण्या नीट बसवल्या. पण गाडी सुटताना त्यांच्या कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले होते.

त्यानंतर आठ महिने काही कळलं नाही. सिस्टरकडून पोचल्याचे दोन शब्द आले तेवढेच. फॉर्म भरणाऱ्याला पुढचं कळत नसतं. माणसं फॉर्म भरून जातात, नोकरी लागली का, घरकुल मिळालं का, कुणी सांगायला येत नाही. पण या वेळी मला राहून राहून वाटायचं, दिवसभर सर तिथे करत काय असतील? बाहेर बसून सिस्टरची वाट बघत असतील का? आणि ते तसे बसलेत ते माझ्या त्या दुमडण्यामुळे तर नसेल?

गेल्या महिन्यात भर दुपारी, काउंटरवर गर्दी असताना, सरांचा आवाजी निरोप आला. मी मोबाइल कानाला लावला, पण करीमभाई म्हणाले, “सबको सुना.”

“सोमनाथ,” सरांचा आवाज आला. मागे खूप माणसं बोलत होती. “पहिले काही महिने मी फक्त सिस्टरचा डबा घेऊन दवाखान्यात जायचो. काल नोंदणीच्या टेबलावरचा माणूस आजारी पडला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नुसते बसलेलेच असता, तर या खुर्चीवर बसा. काम असं नाही हे. नुसतं बसायचं आणि विचारायचं. नाव, गाव, जन्मतारीख. सोमनाथ, इथे जन्मतारीख कुणालाच माहीत नाही! आणि तो रकाना भरल्याशिवाय तुझ्यासारखंच इथलंही मशीन पुढे जात नाही. मी ठरवलं, आता खोटं लिहायचं नाही. एकेका आजीला दुभाष्याकडून विचारलं. पाऊस होता का, मका किती वाढला होता, कुणाचं लग्न होतं त्या वर्षी. दुपारपर्यंत सात नावं झाली आणि रांग फाटकाबाहेर गेली. मग सिस्टर आतून आली आणि म्हणाली, आधी रांग हलवा.”

इथे सिस्टरचा आवाज लांबून ऐकू आला, “सांगा, सगळं सांगा त्याला!”

“इथे जूनमध्ये थंडी असते,” सर म्हणाले. “पाऊस नसतो. शाळासुद्धा सुरू होत नाही. तरी काल संध्याकाळपर्यंत मी एक्केचाळीस माणसांना एक जूनला जन्माला घातलं. आजही चालूच आहे.”

 मग ते हळू आवाजात म्हणाले, “तो फॉर्म अजून उघडतो का, जरा बघ.”